हात बाहेर काढला, एवढेच कळले

बर्फाच्या पाण्याने भरलेले भांडे, पाणी एका जागी कोमट होऊ नये म्हणून ते सतत फिरते ठेवणारा छोटा पंप, आणि समोर बसलेल्या माणसाला एवढीच सूचना: मनगटापर्यंत हात बुडवा, सहन होईल तितका वेळ आत ठेवा आणि अगदीच असह्य झाले की बाहेर काढा. प्रयोगकर्ता घड्याळ सुरू करतो. हात बाहेर आला की सेकंदांचा आकडा वहीत लिहिला जातो आणि काही महिन्यांनी तोच आकडा एखाद्या शोधनिबंधात 'अप्रिय आंतरिक अनुभव टाळण्याची प्रवृत्ती' अशा मथळ्याच्या रकान्यात जाऊन बसतो. भांड्यापासून रकान्यापर्यंतच्या या प्रवासात बरेच काही गृहीत धरलेले असते. अशा वर्तनाधारित चाचण्या, म्हणजे माणसाला न विचारता त्याच्या कृतीवरून अंदाज बांधणाऱ्या चाचण्या, निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही. उलट त्या हव्यातच. पण आज त्यांत जे मोजले जाते ते बहुतांशी चिकाटी आहे, आणि चिकाटीचा अभाव म्हणजे टाळाटाळ असे समीकरण मांडण्यात आपण घाई केली आहे.

टाळाटाळ म्हणजे नेमके काय, हे आधी स्पष्ट केलेले बरे. 1996 मध्ये मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या संकल्पनेची जी मांडणी केली, तिच्यात दोन भाग होते. पहिला असा की, माणूस स्वतःचे विचार, भावना, आठवणी किंवा शारीरिक संवेदना यांच्या सहवासात राहायला राजी नसतो आणि त्यांचे रूप किंवा वारंवारता बदलण्यासाठी, अथवा त्या मुळात उद्भवतात ते प्रसंगच चुकवण्यासाठी, धडपडतो. दुसरा भाग असा की, या धडपडीने नुकसान होत असले तरीही ती चालूच राहते. छातीत धडधडण्याच्या भीतीने जिना चढणे सोडून दिलेला माणूस, गेलेल्या व्यक्तीची खोली वर्षानुवर्षे बंद ठेवणारे घर, रात्री डोक्यात येणारे विचार येऊच नयेत म्हणून पेला भरणारा कोणी, ही सगळी या व्याख्येत बसणारी उदाहरणे आहेत. टाळण्याने तात्पुरते हायसे वाटते आणि त्या हायसे वाटण्यामुळेच टाळण्याची सवय पक्की होते, ही यंत्रणा वर्तनशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. व्याख्येतला 'नुकसान होत असले तरीही' हा तुकडा मात्र मोजमापाच्या वेळी सर्वांत आधी गळून पडतो. माझा सगळा आक्षेप या गळतीवर आहे.

हा वाद केवळ प्रयोगशाळांपुरता राहिलेला नाही. चिंता, नैराश्य, व्यसन, दीर्घकालीन वेदना अशा अनेक तक्रारींवरील आजच्या उपचारपद्धती 'टाळाटाळ कमी केली की जगणे सुधारते' या सूत्रावर उभ्या आहेत. उपचार लागू पडला की नाही, आणि लागू पडला तर कशामुळे, या प्रश्नांची उत्तरे टाळाटाळ मोजण्याच्या साधनावर अवलंबून असतात. साधनच भलते काही मोजत असेल, तर उपचाराचा गुण येऊनही त्याचे श्रेय चुकीच्या कारणाला जाईल, आणि ज्याला गुण आला नाही त्याच्यावर 'तू अजून टाळतोस' असा ठपका बसेल. माझ्या मते दुसरा धोका अधिक गंभीर आहे.

आतापर्यंत सर्वांत जास्त वापरले गेलेले साधन म्हणजे प्रश्नावली. 2011 साली सुधारित रूपात आलेल्या स्वीकार आणि कृती प्रश्नावलीत सात विधाने आहेत. माझ्या भावनांची मला भीती वाटते, वेदनादायक आठवणींमुळे मला हवे तसे जगता येत नाही, अशा आशयाची. प्रत्येक विधान आपल्याला किती लागू पडते ते एक ते सात या आकड्यांत सांगायचे. अडचण अशी की, जो माणूस खरोखर त्रासात आहे तो या विधानांना होकारच देणार, मग तो त्रास टाळत असो वा त्याला तोंड देत असो. 2014 मध्ये मार्टिन वोल्गास्ट यांनी या विधानांची छाननी केली तेव्हा त्यांचे नाते स्वीकार किंवा टाळाटाळीपेक्षा सरळ मानसिक त्रासाशी अधिक जवळचे निघाले. त्रास मोजणारे साधन टाळाटाळीच्या नावाने वापरले आणि नंतर टाळाटाळ व त्रास यांचा घनिष्ठ संबंध सापडला असे जाहीर केले, तर आपण एकाच माणसाला दोन दारांतून आत घेऊन दोघांची ओळख करून दिल्यासारखे होते. 2011 मध्येच आलेली 62 विधानांची बहुआयामी प्रश्नावली या बाबतीत पुष्कळ सावध आहे. पण मूळ पेच तिलाही सुटत नाही: जी गोष्ट माणूस स्वतःच्याही नजरेआड ठेवतो, तिच्याबद्दल त्यालाच विचारायचे.

म्हणून वर्तनाकडे वळणे स्वाभाविक होते, आणि त्यामागे एक यशस्वी परंपराही होती. 1963 मध्ये पीटर लँग आणि डेव्हिड लॅझोविक यांनी सापाची भीती असलेल्या विद्यार्थ्यांवर उपचाराचा परिणाम तपासताना त्यांना नुसते विचारले नाही. खोलीत खरा, बिनविषारी साप ठेवला आणि विद्यार्थी त्याच्या किती जवळ जातो, त्याला हात लावतो का, उचलतो का, हे पाहिले. अंतर हे उत्तम माप असते. ते दोन निरीक्षकांना सारखेच दिसते, आणि ते कमी झाले याचा अर्थ लावायला सिद्धान्ताचा आधार फारसा लागत नाही.

आंतरिक अनुभवाला मात्र खोलीत पिंजऱ्यात ठेवता येत नाही. लाज, धडधड किंवा अपयशाची बोच यांच्यापासून माणूस किती फुटांवर उभा आहे, हे पट्टीने सांगता येत नाही. त्यामुळे संशोधकांनी उलटा मार्ग धरला: अप्रिय अनुभव माणसाच्या आत मुद्दाम निर्माण करायचा आणि माणूस त्यात किती वेळ टिकतो ते पाहायचे. या कामासाठी वापरलेली साधने जवळजवळ सगळी उसनी आहेत. थंड पाण्यात हात बुडवण्याची पद्धत 1930च्या दशकात रक्तदाबाच्या अभ्यासासाठी आली. ऐकलेल्या अंकांची सलग बेरीज करण्याची चाचणी 1970च्या दशकात डॉरोथी ग्रॉनवॉल यांनी डोक्याला मार लागलेल्या रुग्णांची सुधारणा अजमावण्यासाठी वापरली होती. 2003 मध्ये कार्ल लेजुएझ आणि सहकाऱ्यांनी तिचे संगणकावरील रूप ताण निर्माण करण्यासाठी वापरले: पडद्यावर एकामागून एक अंक येतात, प्रत्येक नव्या अंकात त्याच्या आधीचा अंक मिळवून उत्तर द्यायचे असते, दोन अंकांमधला अवकाश टप्प्याटप्प्याने कमी होत जातो, चूक झाली की कानाला त्रास देणारा आवाज येतो, आणि शेवटच्या टप्प्यात 'पुरे' म्हणण्याची मुभा असते. आरशात पाहून आकृती गिरवणे, श्वास रोखून धरणे, कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण वाढवलेली हवा हुंगणे, ही त्याच कुळातली आणखी काही नावे. उसन्या साधनांना माझी मुळीच हरकत नाही, फक्त ती पूर्वी काय मोजत होती हे त्यांना नवीन नाव देताना विसरू नये. बेरजेच्या चाचणीत ज्याचे अंकगणित मुळातच चांगले आहे त्याला त्रासच कमी होतो, आणि श्वास रोखून धरण्यात फुप्फुसांच्या क्षमतेचा वाटा असतोच.

घरी एका पातेल्यात बर्फ घालून मी हा प्रयोग स्वतःवर करून पाहिला आहे. शास्त्रीय म्हणण्यासारखे त्यात काही नव्हते. पहिली काही सेकंदे नुसता गारवा होता. मग हाडापर्यंत जाणारी एक बोथट कळ सुरू झाली, आणि माझ्या लक्षात आले की मी हाताकडे बघतच नाही आहे. मी समोरच्या भिंतीवरच्या फरशा मोजत होतो, आडव्या ओळीत किती आणि उभ्या ओळीत किती, आणि त्यांचा गुणाकार चालला होता. गुणाकार संपेपर्यंत हात आत राहिला. घड्याळाच्या हिशेबी मी चांगलाच सहनशील ठरलो असतो. प्रत्यक्षात मी त्या कळेपासून जितका दूर पळता येईल तितका पळालो होतो, फक्त हात मागे ठेवून.

हा अनुभव अपवादात्मक नसावा. हात आत ठेवण्याची कारणे किती वेगवेगळी असू शकतात पाहा: कोणी लक्ष दुसरीकडे वळवून तो आत ठेवतो, कोणी प्रयोगकर्त्यासमोर शोभा होऊ नये म्हणून, कोणी शरीराला शिक्षा द्यायची सवय झालेली असते म्हणून, तर कोणी कळ जशी आहे तशी जाणवू देत शांतपणे. यातला शेवटचाच खऱ्या अर्थाने न टाळणारा. शोभा होऊ नये म्हणून तग धरणारा तर लाजेची भावना टाळण्यासाठी वेदना सोसत असतो, म्हणजे एका अनुभवाची टाळाटाळ दुसऱ्या अनुभवाच्या सहनशीलतेच्या रूपाने नोंदली जाते. दुसऱ्या बाजूला, हात लवकर बाहेर काढणारा कदाचित एवढाच विचार करत असेल की यातून मला काय मिळणार आहे, आणि त्याचे चुकले असे कोण म्हणेल? निरर्थक वेदना थांबवणे हे शहाणपणाचे लक्षण आहे. टाळाटाळ ओळखायची ती कृती कशासाठी झाली आणि तिच्यापायी काय गमावले यावरून. कृतीच्या नुसत्या बाह्य रूपावरून ती ओळखता येत नाही. पातेल्यातून हात काढणाऱ्याने काहीच गमावलेले नसते.

संशोधनातून येणारे आकडेही हीच शंका बळकट करतात. 2011 मध्ये कॅथरिन मॅकह्यू आणि सहकाऱ्यांनी त्रास सहन करण्याच्या क्षमतेच्या प्रश्नावल्या आणि वर्तनाधारित चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा प्रश्नावल्यांचा प्रश्नावल्यांशी आणि चाचण्यांचा चाचण्यांशी मेळ बसला, पण या दोन गटांचा एकमेकांशी जवळपास काहीच संबंध दिसला नाही. डोनाल्ड कॅम्पबेल आणि डोनाल्ड फिस्के यांनी 1959 मध्येच सांगून ठेवले होते की, एकच गुण दोन वेगळ्या पद्धतींनी मोजला असता उत्तरे जुळायला हवीत. ती पद्धतीनुसार जुळत असतील आणि गुणानुसार जुळत नसतील, तर आपण बहुधा पद्धतच मोजत आहोत. या विसंगतीचा अर्थ लावताना दोन तट पडतात. एकाला वाटते की माणसे स्वतःबद्दल खोटे बोलतात, तेव्हा चाचणीच खरी. दुसऱ्याला वाटते की चाचण्या कृत्रिम आहेत, तेव्हा प्रश्नावलीच बरी. मला दोन्ही निष्कर्ष आळशीपणाचे वाटतात. प्रश्नावली माणसाला त्याच्या नेहमीच्या वागण्याबद्दल, अनेक प्रसंगांची सरासरी काढून, विचारते. चाचणी त्याला एका विशिष्ट दुपारी, एका विशिष्ट त्रासासमोर, शक्य तेवढी शर्थ करायला सांगते. नेहमीचे वागणे आणि शर्थ यांचा मेळ बसेल अशी अपेक्षा आपण इतर कोणत्या क्षेत्रात ठेवतो?

त्यात आणखी एक तांत्रिक अडचण आहे, आणि तिच्याकडे चर्चेत फारसे लक्ष दिले जात नाही. 2018 मध्ये कार्डिफ विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले की, प्रयोगशाळेत हमखास परिणाम देणाऱ्या अनेक प्रसिद्ध चाचण्या माणसामाणसांतला फरक मोजायला कच्च्या ठरतात. यात विरोधाभास वाटतो, पण कारण सरळ आहे: जो परिणाम जवळजवळ प्रत्येकावर सारखाच होतो, तोच प्रयोगात ठळक उठून दिसतो, आणि जो सर्वांवर सारखाच होतो, त्याच्या आधारे अमुक माणूस तमुक माणसापेक्षा वेगळा आहे असे सांगता येत नाही. त्यांनी तपासलेल्या चाचण्या लक्ष आणि प्रतिक्रिया-नियंत्रणाच्या होत्या, पण धडा इथेही लागू पडतो. थंड पाण्याने साऱ्यांना कळ येते, म्हणून ते कळ निर्माण करण्याचे चांगले साधन आहे. तेवढ्यावरून ते एखाद्याचा स्वभाव सांगण्याचे चांगले साधन ठरत नाही.

असे असूनही मी या चाचण्यांच्या बाजूने आहे, कारण काही ठिकाणी त्यांनी प्रश्नावलीला दाखवता आले नसते ते दाखवले आहे. 2002 मध्ये रिचर्ड ब्राउन आणि सहकाऱ्यांनी धूम्रपान सोडण्याचा प्रयत्न केलेल्या लोकांचे दोन गट घेतले: एक दिवसही न टिकलेले आणि किमान तीन महिने टिकलेले. झटपट घसरलेल्यांनी बेरजेच्या आणि कार्बन डायऑक्साइडच्या चाचण्यांतही लवकर हार मानली. हा निष्कर्ष अर्थपूर्ण वाटतो, कारण सिगारेट सोडल्यानंतरची पहिली रात्र आणि ती चाचणी यांच्यात खरोखर साम्य आहे: दोन्हींत शरीरातून येणारी अस्वस्थता असते, दोन्हींत ती थांबवण्याचा उपाय हाताशी असतो, आणि तो उपाय न वापरण्यातच काही साधायचे असते.

याहून मला मोलाचा वाटतो तो 2004 मधला एक प्रयोग. जिल लेव्हिट आणि सहकाऱ्यांनी पॅनिकच्या, म्हणजे अचानक येणाऱ्या तीव्र भीतीच्या, झटक्यांचा विकार असलेल्या 60 जणांना कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण वाढवलेली हवा पंधरा मिनिटे हुंगायला दिली. ही हवा आत गेली की छाती भरून येते, श्वास अपुरा वाटतो, म्हणजे रुग्ण ज्याला सर्वाधिक घाबरतो नेमके तेच घडते. त्याआधी एका गटाला भावना स्वीकारण्याबद्दल, दुसऱ्याला त्या दाबून टाकण्याबद्दल दहा मिनिटांचे ध्वनिमुद्रण ऐकवले होते. तिसऱ्या गटाला यांपैकी काहीच सांगितले नव्हते. शरीराच्या प्रतिक्रियांत किंवा झटक्याच्या लक्षणांत तिन्ही गटांत फारसा फरक पडला नाही. पण स्वीकाराबद्दल ऐकलेल्यांची चिंता कमी होती, आणि त्यांना विचारले की हाच अनुभव पुन्हा एकदा घ्याल का, तेव्हा ते अधिक तयार होते. 'पुन्हा याल का' हा प्रश्न मला घड्याळातल्या सेकंदांपेक्षा कितीतरी जास्त प्रामाणिक वाटतो. पहिल्या वेळी माणसाला पुढे काय वाढून ठेवले आहे हे ठाऊक नसते, तेव्हा त्याचे टिकणे हे अर्धे अज्ञान असते. दुसऱ्या वेळी त्याला ते पुरते ठाऊक असते आणि तरीही तो खुर्चीत येऊन बसतो किंवा बसत नाही.

दुसरा मार्ग किमतीचा. टाळण्यासाठी माणूस काय मोजायला तयार आहे, हे विचारले की व्याख्येतला तो गळालेला तुकडा परत जागेवर येतो. 2014 मध्ये टिमोथी विल्सन आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात सहभागींना पंधरा मिनिटे रिकाम्या खोलीत आपल्या विचारांसोबत बसायचे होते. जवळ फक्त एक बटण होते. ते दाबले की विजेचा सौम्य झटका बसे. हा झटका त्यांनी आधी अनुभवला होता आणि तो पुन्हा बसू नये म्हणून आपण पैसेही देऊ असे सांगितले होते. तरीही 18 पुरुषांपैकी 12 जणांनी आणि 24 स्त्रियांपैकी 6 जणींनी एकदा तरी बटण दाबले. यात कुतूहलाचा आणि कंटाळ्याचा भाग किती हे सांगणे कठीण आहे, आणि ही टाळाटाळीची शुद्ध चाचणी आहे असा दावा मी करणार नाही. पण रचना योग्य दिशेची आहे: आतल्या एका नकोशा स्थितीतून सुटण्यासाठी माणसाने बाहेरची एक ठरलेली किंमत मोजली, आणि ती किंमत डोळ्यांना दिसली. रॉबिन ऑपर्ले आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये मांडलेली चाचणी याच तत्त्वावर, अधिक शिस्तीने, बांधलेली आहे. तिच्यात जास्त गुण हवे असतील तर क्लेशकारक चित्र आणि आवाज यांची शक्यता पत्करावी लागते, आणि माणूस या दोहोंमध्ये स्वतःला कुठे ठेवतो ते प्रत्येक फेरीत नोंदले जाते.

माझी सूचना एवढीच की, ही किंमत सर्वांना सारखी, म्हणजे गुणांची किंवा पैशांची, न ठेवता त्या माणसाला खरोखर हव्या असलेल्या गोष्टीशी जोडावी. जिना चढणे सोडलेल्या माणसाला बर्फाचे पाणी देण्यापेक्षा जिन्याच्या पायथ्याशी न्यावे, वरच्या मजल्यावर त्याला महत्त्वाचे वाटणारे काही ठेवावे, आणि धडधड सुरू झाल्यावर तो काय करतो, किती पायऱ्यांनंतर थांबतो, थांबून परत फिरतो की उभा राहून पुन्हा चढतो, हे वेगवेगळ्या दिवशी पाहावे. सोबत त्याला थोडक्यात विचारावे की त्या क्षणी लक्ष कुठे होते. हे खर्चिक आहे, वेळखाऊ आहे, आणि शंभर लोकांची एका आठवड्यात चाचणी उरकायची असेल तर अशक्यच आहे. अशा मापांची परस्पर तुलनाही अवघड होईल, हा आक्षेप मी मान्य करतो. मात्र तुलना सोपी व्हावी म्हणून ज्याची तुलना करायची तीच गोष्ट बाहेर टाकणे, हा सध्याचा व्यवहार त्याहून महाग पडतो.

तोपर्यंत एक बंधन तरी पाळले जावे. गटांच्या सरासरीसाठी बनवलेली ही साधने एकेका व्यक्तीवर शिक्का मारण्यासाठी वापरू नयेत. ना उपचाराची पात्रता ठरवताना, ना नोकरीसाठी 'ताण सहन करण्याची क्षमता' तपासताना. प्रयोगशाळेत सहभागी होणाऱ्याला संशोधनाच्या नीतिनियमांनुसार लेखी सांगितलेले असते की, तुम्ही कोणत्याही क्षणी, कोणतेही कारण न देता, थांबू शकता. या चाचण्यांत हा हक्क बजावण्याची कृती आणि मोजली जाणारी उणीव ही एकच गोष्ट आहे. संशोधनात, आकडा नावाशी जोडला जात नसताना, हा ताण निभावून नेता येतो. आकडा नावासमोर लिहिला जाऊ लागला, की 'थांबू शकता' या शब्दांना काही अर्थ उरत नाही.

आणि या साऱ्या हिशेबात एक माणूस कधीच येत नाही. प्रयोगाची सूचना वाचून, थंड पाणी किंवा कोंडलेला श्वास या शब्दांपाशी थबकून, जो अर्ज न भरताच निघून जातो, त्याची नोंद कोणत्याही रकान्यात नसते. आपल्या आकडेवारीत सर्वांत कमी सेकंद टिकलेला म्हणून जो दिसतो, तोही निदान खोलीपर्यंत आलेला असतो.